बाराखडी पाठ आहे, तरी वाचन अडते: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच ठिकाणी येऊन थांबतात : मुलांना अक्षरे ओळखता येतात, पण स्वर लागला की वाचन अडखळते. म्हणून या वेळचे सदर स्वरांसाठीच ठेवले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे. कोणत्याही अक्षराची बाराखडी ती न अडखळता म्हणते आणि लिहितेही. पुस्तक हातात दिले की मात्र 'पाणी' हा शब्द 'प ला काना पा, ण ला दुसरी वेलांटी णी' असा वाचते आणि शब्द काय झाला असे विचारले की गप्प बसते. बाराखडीचा सराव आणखी वाढवावा का? (एक पालक, सातारा)

उत्तर : सराव वाढवू नका, त्याची दिशा बदला. आपली मुलगी 'क का कि की' म्हणते तेव्हा तिला पुढचे अक्षर चालीवरून सुचते, चिन्हावरून नव्हे. याची खात्री करून घ्यायची असेल तर तिला 'मो' हे एकच अक्षर कागदावर लिहून दाखवा. 'म मा मि मी' असे मनात म्हणत ती तिथपर्यंत पोहोचत असेल, तर तिला मची बाराखडी येते, पण ओकार येत नाही. वाचताना ओकार सुटा यावा लागतो, कारण पुस्तकात 'मो' हा 'मै' आणि 'मौ' यांच्या मध्ये बसून कधीच भेटत नाही.

'प ला काना पा' ही घोकंपट्टी लिहिताना उपयोगी पडते, वाचताना मात्र ती आड येते. दोन अक्षरी शब्द वाचायला मुलीला सात-आठ शब्द उच्चारावे लागतात आणि त्या गर्दीत 'पा' आणि 'णी' हे दोन आवाज इतके लांब पडतात की ते एकमेकांना जोडले जात नाहीत. ही सवय मोडायला रागावण्याची गरज नाही. आपण स्वतः तिच्यासोबत वाचताना चिन्हांची नावे उच्चारणे बंद करावे आणि 'पा' कडे बोट दाखवून सरळ 'पा' म्हणावे, एवढे पुरते.

आता दिशेविषयी. बाराखडीच्या तक्त्यात आपण नेहमी आडवे वाचतो : व्यंजन तेच राहते आणि स्वर बदलत जातात. काही दिवस तो तक्ता उभा वाचून घ्या, म्हणजे स्वर तोच राहील आणि व्यंजने बदलतील : का, मा, पा, ना, रा, ला. काना दिसला की तोंड उघडते, एवढी एकच गोष्ट तिच्या हाती लागली पाहिजे. काका, मामा, नाना, वारा, चारा, तारा, पाला असे निव्वळ कान्याचे शब्द मराठीत विपुल आहेत. ते सहज वाचता येऊ लागले की मगच दुसरा स्वर घ्यावा. माझ्या मते आ नंतर ई, मग ओ, ए आणि ऊ असा क्रम सोयीचा पडतो, कारण हे पाच स्वर कानाला एकमेकांपासून स्पष्ट वेगळे ऐकू येतात. ऐ आणि औ मागाहून आले तरी बिघडत नाही. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांप्रमाणे लावलेला आहे आणि तो अतिशय शास्त्रशुद्ध आहे. तो वाचायला शिकण्याचा क्रमही असलाच पाहिजे असे मात्र नाही.

तिसरा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांवर 'प' आणि 'र' लिहा. मधल्या जागेत काना, वेलांटी, उकार, मात्रा यांची चिठ्ठी बदलत राहा आणि प्रत्येक वेळी शब्द वाचून घ्या : पर, पार, पीर, पूर, पेर, पोर. व्यंजने जागची हलत नाहीत, बदलतो तो फक्त स्वर, आणि त्याबरोबर अर्थ पार बदलून जातो. पुराला पोर म्हटले तर वाक्य कसे हास्यास्पद होते हे मुलांना लगेच कळते. बळ, बाळ, बीळ, बोळ असाही संच करता येईल. सुरुवातीला चार, चीर, चूर, चोर हा संच मात्र टाळा. दिसायला तो नामी आहे, पण 'चार' मधला च आणि 'चोर' मधला च मराठीत एकसारखा उच्चारला जात नाही, त्यामुळे स्वराकडे लक्ष वेधायचे असताना व्यंजनच निसटते.

पहिल्या वेलांटीला थोडा अधिक वेळ द्यावा लागेल. 'वि' मध्ये आवाज येतो आधी व चा आणि मग इ चा, पण डोळ्यांना भेटते ती आधी वेलांटी. 'स्थिती' सारख्या शब्दात तर ती संपूर्ण जोडाक्षराच्या आधी उभी असते. त्यामुळे बोट अक्षराच्या एकेका रेषेवर न ठेवता संपूर्ण अक्षराखालून फिरवावे. 'रु' आणि 'रू' यांचे उकार खाली न येता कमरेला चिकटतात, हेही एकदा स्वतंत्रपणे दाखवून द्यावे. मुले तिथे हमखास थबकतात.

हे सारे महिन्याभरात संपेल अशी अपेक्षा धरू नका. ३६ व्यंजने आणि १२ स्वरचिन्हे धरली तर चारशेहून अधिक आकृत्या होतात. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांत केलेल्या अभ्यासातही (कन्नड लिपीची घडण या बाबतीत आपल्यासारखीच आहे) मुलांचे अक्षरज्ञान चौथीपर्यंत वाढतच राहते असे दिसून आले. इंग्रजी वर्णमालेची २६ अक्षरे पहिल्या वर्षातच संपतात, तशी तुलना येथे करणे मुलीवर अन्याय करणारे ठरेल.

प्रश्न : माझा मुलगा 'कमळ' हा शब्द क, म, ळ असा प्रत्येक अक्षराचा पूर्ण उच्चार करत वाचतो. 'मुलं' हा शब्द त्याने परवा 'मुलम्' असा वाचला. हा दोष कसा घालवावा? (एक वाचक, अमरावती)

उत्तर : याला दोष म्हणवत नाही, कारण जे लिहिले आहे ते तो प्रामाणिकपणे वाचतो आहे. अडचण आपल्या लेखनपद्धतीत आहे. प्रत्येक सुट्या अक्षरात अ दडलेला असतो असे आपण शिकवतो, पण बोलताना त्यातले कितीतरी अ आपण गिळतो आणि लिहिताना त्याची कोणतीही खूण करत नाही. घर, पण, मदत, कमळ या शब्दांतील शेवटचा अ कोणीच उच्चारत नाही. चार अक्षरी शब्दांत दुसराही जातो : गडबड, करवत, सरबत हे शब्द आपण गड्-बड्, कर्-वत्, सर्-बत् असे म्हणतो. चमचा, कपडा, खिडकी, पिशवी यांत शेवटी दीर्घ स्वर आहे म्हणून मधल्या अक्षरातला अ लोपतो. गंमत म्हणजे एकच शब्द प्रत्यय लागल्यावर आपली घडी बदलतो. 'मदत' मध्ये द चा अ ऐकू येतो, तर 'मदतीला' म्हणताना आपण मद्-ती-ला म्हणतो. शेवटी जोडाक्षर असले की मात्र अ टिकून राहतो : रक्त, मित्र, शब्द.

हे नियम मुलाला सांगू नका. त्याला ते बोलण्यात केव्हाच अवगत आहेत. त्याला शब्दाचे तुकडे टाळीवर पाडायला लावा. 'चमचा' ला किती टाळ्या? दोन. मग कागदावरच्या तीन अक्षरांखाली पेन्सिलीने दोन कमानी काढा, एक 'चम' खाली आणि एक 'चा' खाली. क, म, ळ असे वाचून झाल्यावर 'आता हाच शब्द बोलल्यासारखा म्हण' असे सांगितले तर बहुतेक मुले स्वतःहून 'कमळ' वर येतात. ही पायरी शिक्षकांनी रोज घ्यावी असे मला वाटते, कारण अक्षरे येणाऱ्या मुलाचे वाचन ओढल्यासारखे वाटते त्याचे मोठे कारण हा न गिळलेला अ असते.

'मुलं' चा प्रश्न वेगळा आहे. 'आंबा' किंवा 'चिंच' मधला अनुस्वार हा अनुनासिकाचा आवाज दाखवतो. 'मुलं, घरं, असं, केलं' यांतील शेवटच्या अक्षरावरचा बिंदू मात्र अ लांबवून म्हणायचा एवढीच सूचना देतो. पाठ्यपुस्तकातील निवेदनात 'मुले, घरे' असते आणि संवादांत 'मुलं, घरं' असते, म्हणून मूल गोंधळते. घर–घरं, पान–पानं, झाड–झाडं अशा जोड्या समोरासमोर लिहून बिंदूने काय बदलते ते त्यालाच ऐकून सांगू द्या : पहिल्यात शेवटचा अ गिळला जातो, दुसऱ्यात तो ताणला जातो, आणि एकाची अनेक होतात.

प्रश्न : आमच्या घराच्या आजूबाजूला हिंदी बोलली जाते. नात 'पैसा' आणि 'कृपा' हे शब्द हिंदीसारखे उच्चारते. वाचनावर त्याचा परिणाम होईल का? (एक आजोबा, नागपूर)

उत्तर : वाचनावर होणार नाही. मराठीत ऐ म्हणजे अइ, औ म्हणजे अउ आणि ऋ चा उच्चार रु कडे झुकणारा. हिंदीत हे तिन्ही स्वर निराळे उच्चारले जातात. चिन्ह पाहून ती ठरावीक आवाज काढते आहे, म्हणजे तिचे वाचन योग्य मार्गावर आहे. मराठी पुस्तक हाती असेल तेव्हा आपण तिला मोठ्याने वाचून दाखवत जा, दोन्ही उच्चार ती सुखाने सांभाळील.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. बोलताना मुलांना इ आणि ई, उ आणि ऊ यांतला फरक ऐकूच येत नाही. वाचनाच्या टप्प्यावर ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह धरावा की नाही? (एक शिक्षिका, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : पहिली-दुसरीत वाचनासाठी धरू नये. 'मि' आणि 'मी' ही दोन्ही चिन्हे पाहून मूल एकसारखा आवाज काढत असेल, तरी त्याला शब्द कळतो आणि अर्थही कळतो. तिथे अडवले तर वाचनाचा ओघ तुटतो आणि पदरात काही पडत नाही.

तिसरीपासून मात्र हा विषय वेगळ्या वाटेने आणता येतो, आणि या वाटेवर मराठीत एक सुंदर आकृतिबंध आहे, तो आपण क्वचितच वापरतो. फळ्यावर शेजारी शेजारी लिहा : फूल–फुलाला, मूल–मुलाला, दूध–दुधात, खीर–खिरीत, वीट–विटेवर, गरीब–गरिबाला. शब्दाचा शेवटचा अ गिळला जातो तेव्हा त्याच्या आधीचा इ किंवा उ लांबतो. पुढे दीर्घ स्वर आला की तोच आखडतो. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखनविषयक नियमांत उपान्त्य (म्हणजे शेवटच्या अक्षराच्या आधीच्या अक्षरातील) इकार-उकारांविषयी जे सांगितले आहे, त्याचे बरेचसे मूळ या उच्चारात आहे. मुलांना 'उपान्त्य' हा शब्द न शिकवता 'दूध' आणि 'दुधात' हे शब्द दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावा आणि कोणत्या वेळी ऊ वर अधिक वेळ थांबलो ते हातवारे करून दाखवायला सांगा. ज्यांना सुट्या 'दु' आणि 'दू' मधला फरक ऐकू येत नाही, त्यांनाही या जोडीत तो बहुधा जाणवतो, कारण येथे ती स्वतःचीच जीभ तपासत असतात.

शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ, हा दुसरा नियम तर वाचणाऱ्याचे काम फारच सोपे करतो : पाणी, वही, कवी, गुरू, चाकू. 'आणि' हा ठळक अपवाद रोजच्या वापरामुळे आपोआप पाठ होतो. खरी अडचण संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द करतात. गुण, विष, मंदिर, मधुर हे शब्द वरच्या आकृतिबंधात बसत नाहीत, आणि 'कवी' दीर्घ असला तरी 'कविराज' ऱ्हस्व होतो. असे शब्द वर्गाच्या भिंतीवर वेगळ्या रकान्यात लिहून ठेवावेत आणि भेटतील तसे त्यात घालत जावे. मुले ती यादी वाढवण्यात रमतात, आणि नियमाला अपवाद शोधणे हे नियम पाठ करण्यापेक्षा अधिक शिकवते असा माझा अनुभव आहे.

बोलीविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगते. घरी 'पानी' म्हणणारे मूल 'पाणी' पाहून 'पानी' वाचत असेल तर त्याने ई बरोबर ओळखली आहे. स्वरांच्या तासाला स्वरच तपासावेत.

प्रश्न : आम्ही सॅन होजे येथे राहतो. मुलगा सहा वर्षांचा आहे. घरी मी त्याला मराठी बाराखडी शिकवते आणि शाळेत इंग्रजी स्वरांचे नमुने शिकवले जातात. तो इंग्रजी 'नेम' हा शब्द 'नामे' असा वाचतो. मी त्याचा गोंधळ वाढवते आहे का? (एक आई)

उत्तर : आपल्या मुलाचे 'नामे' हे वाचन सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांना फारसे चुकीचे वाटले नसते. त्या काळी हा शब्द साधारण तसाच उच्चारला जात असे. पुढे शेवटचा ई मुका झाला, सुमारे १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतील दीर्घ स्वर एकामागून एक सरकले, आणि त्याच सुमारास छपाईमुळे शब्दांची जुनी वर्णरचना रुळत गेली (विल्यम कॅक्सटनने इंग्लंडमध्ये छापखाना काढला तो १४७६ मध्ये). उच्चार पुढे गेला आणि लेखन मागे राहिले, त्याची किंमत आज प्रत्येक सहा वर्षांचे मूल मोजते.

देवनागरीत एका चिन्हाला बहुतांशी एकच आवाज असतो. इंग्रजीत ए, ई, आय, ओ, यू या पाच अक्षरांवर सुमारे वीस स्वरांचा भार आहे, त्यामुळे सुटे अक्षर पाहून आवाज ठरत नाही, शेजारी कोण आहे ते पाहावे लागते. शाळेत नमुने शिकवतात ते याचसाठी. सी-ए-पी म्हणजे कॅप, पण शेवटी ई आला की केप. तसेच टॅप–टेप, हॉप–होप, पिन–पाइन. या जोड्या आपण घरी पट्ट्यांवर लिहून शेवटचा ई बोटाने झाकत आणि उघडत वाचून घेऊ शकता. मुलाला सांगायचे ते इतकेच, की हा ई स्वतः बोलत नाही, आधीच्या स्वराला त्याचे नाव उच्चारायला लावतो.

नियमावर मात्र आंधळी भिस्त ठेवू नका. अमेरिकेतील थिओडोर क्लायमर यांनी १९६३ मध्ये असे ४५ नियम प्राथमिक वाचनपुस्तकांतील शब्दांवर पडताळून पाहिले. मुक्या ई चा नियम सुमारे ६३ टक्के शब्दांना लागू पडला, तर 'दोन स्वर शेजारी आले की पहिल्याचे नाव ऐकू येते' हा शिक्षकांचा आवडता नियम अवघ्या ४५ टक्के शब्दांना. म्हणून नियमापेक्षा शब्दांची कुटुंबे भरवशाची : लाइट, नाइट, राइट, फाइट यांचा शेवट एकसारखा लिहिला आणि एकसारखाच उच्चारला जातो. एक वाचता आला की उरलेले मागोमाग येतात. 'हॅव' आणि 'गिव' सारखे शब्द नियम मोडतात, ते तसेच लक्षात ठेवायला द्यावेत.

मराठीमुळे गोंधळ वाढत नाही, उलट दोन ठिकाणी तिची थेट मदत होते. 'शिप' आणि 'शीप', 'फुल' आणि 'फूल' यांतील इंग्रजी फरक केवळ ऱ्हस्व-दीर्घाचा नसला, तरी पहिली आणि दुसरी वेलांटी पाहिलेल्या मुलाला येथे दोन वेगळे स्वर आहेत हे चटकन पटते. दुसरे म्हणजे ॲ आणि ऑ. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने हे दोन स्वर मराठी वर्णमालेत घेतले आणि बाराखडीची चौदाखडी झाली. जुन्या वळणाच्या अनेकांना ती रुचली नाही. मला विचाराल तर बॅट आणि बॉल म्हणणाऱ्या मुलांसाठी ती आवश्यकच होती. पेन–पॅन, बेड–बॅड, मेन–मॅन या जोड्या देवनागरीत लिहून ए आणि ॲ यांतला फरक आधी मराठी डोळ्यांनी दाखवा. मराठी घरांत वाढलेली मुले इंग्रजी ऱ्हस्व ए थोडा लांबवतात, तो शाळेत आपोआप आखडेल.

एक पथ्य पाळा. इंग्रजी अक्षराखाली कायमचे देवनागरी अक्षर लिहून देऊ नका. 'ए म्हणजे ॲ' असे एकदा ठसले की 'ए' चे बाकीचे आवाज परके वाटू लागतात.

प्रश्न : माझा मुलगा तिसरीच्या अखेरीसही मात्रा आणि काना यांत गल्लत करतो. 'शेत' ला 'शात' म्हणतो. किती दिवस वाट पाहावी? (एक वडील, ठाणे)

उत्तर : तिसरीच्या अखेरीस अधिक वाट पाहू नये. सर्वांत आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मात्रा हा शिरोरेषेवरचा बारीकसा तिरपा फराटा असतो आणि चष्म्याची गरज असलेल्या मुलाला तो दिसतच नाही असे घडते. दोन्ही ठीक असतील तर एक साधी गोष्ट करून पाहा. पुस्तक न दाखवता 'शेत' आणि 'शात', 'मेळ' आणि 'माळ' अशा जोड्या तोंडी म्हणा आणि त्या सारख्या आहेत की वेगळ्या ते त्याला विचारा. कानाने तो फरक सांगतो आणि फक्त कागदावर चुकतो, असे असेल तर वर साताऱ्याच्या पत्राला दिलेल्या उत्तराप्रमाणे एकेका चिन्हावर दोन-तीन महिने रोज दहा-पंधरा मिनिटे काम करून पाहावे.

कानानेही फरक सांगता येत नसेल, किंवा या सरावानंतर काहीच हालचाल दिसली नाही, तर शाळेशी बोलून विशिष्ट अध्ययन अक्षमतेची (म्हणजे वाचन-लेखन शिकण्यात येणाऱ्या कायमच्या अडचणीची) तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र साधारण वयाच्या आठ वर्षांनंतर दिले जाते, म्हणजे आपल्या मुलाचे वय आता त्याला योग्य आहे. ठाण्याहून जवळ म्हणजे मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. तपासणीला जाताना त्याच्या मराठीच्या दोन-तीन वह्या सोबत न्या, आणि त्यातल्या चुका आधी खोडून किंवा सुधारून ठेवू नका.